‘कार्यवाही सुरू आहे’ या उत्तरानंतर काय करायचं

ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या महानगरपालिकेचं एक पत्र आलं. शेजारच्या अनधिकृत बांधकामावर वेळेत कारवाई न केल्याबद्दल संबंधितांची विभागीय चौकशी सुरू करण्यात आली आहे, एवढाच त्यातला मजकूर. ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यापासून ओळखीचे-अनोळखी बरेच जण विचारतायत, की हे केलं कसं? फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. चौकशी चालू असल्यामुळे शहराचं, हॉटेलचं किंवा कुठल्याही अधिकाऱ्याचं नाव देत नाही. कलमं, रकमा आणि तारखा मात्र आहेत तशा देते.

आमची इमारत चार मजली, खाली पार्किंग. मागे एक हॉटेल. त्यांचं आणि आमचं साइड मार्जिन (इमारतीच्या बाजूला मोकळी सोडायची जागा; कागदोपत्री याला ‘सामासिक अंतर’ म्हणतात) मिळून एक मोकळी पट्टी होती. इमारतीच्या मागच्या बाजूला अग्निशमनची गाडी नेता येईल अशी तेवढी एकच वाट. जानेवारी २०२३ मध्ये हॉटेलवाल्यांनी तिथे लोखंडी अँगल उभे केले. मग वर पत्रे आले, मग ब्लॉकच्या भिंती आल्या, आणि महिन्याभरात आत भटारखाना सुरू झाला. सिलिंडरची रांग आमच्या जिन्याच्या भिंतीलगत. माझ्या सासूबाई तेव्हा दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या होत्या. आग लागली तर त्यांना खाली कसं आणायचं, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

सोसायटीच्या बैठकीत काही जण म्हणाले, सगळीकडे हेच चाललंय, कुठे भांडत बसणार. मला मात्र डिसेंबर २०१७ मधली कमला मिलची आग आठवत होती. १४ माणसं गेली, आणि मग पालिकेचे अधिकारी निलंबित झाले. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याजवळची अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मेले, त्यानंतर अधिकाऱ्यांना अटक झाली. आपल्याकडे जबाबदारी निश्चित होते ती मृतदेह मोजून झाल्यावर. ती त्याआधी व्हावी, एवढंच मला हवं होतं.

१३ फेब्रुवारी २०२३ ला प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज दिला. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांना आधी तोंडी सांगून पाहिलं होतं, ते “बघतो मॅडम” म्हणाले होते. अर्ज साध्या कागदावर, दोन प्रतींत. एक प्रत आवक विभागात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. या पोचपावतीइतकी मौल्यवान गोष्ट पुढच्या सगळ्या प्रवासात दुसरी नव्हती. शिक्का आहे पण आवक क्रमांक नाही, अशी पोच घेऊन परत फिरू नका. क्रमांक पडेपर्यंत खिडकीशी उभं राहा. सोबत फोटो जोडले होते: पूर्वीची मोकळी जागा, अँगल, पत्रे, भिंती. आधीचा फोटो एका शेजाऱ्यांच्या मुलाच्या मुंजीच्या अल्बममध्ये सापडला.

दोन महिने काहीच उत्तर नाही. १७ एप्रिलला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा आणि मजकूर १५० शब्दांत बसवायचा. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारलं, तर ‘का’ ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून अर्ज निकाली काढतात. मी विचारलं ते असं: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेली कार्यवाही, तो अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाकडे होता, त्यांचं नाव आणि पदनाम, त्यावरच्या टिपण्यांच्या प्रती, आणि हॉटेलच्या इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत.

मे महिन्यात उत्तर आलं: माहिती त्रयस्थ पक्षाची असल्याने देता येत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ चा हा दाखला फार सर्रास दिला जातो. त्या कलमात त्रयस्थ पक्षाला विचारण्याची पद्धत दिली आहे. त्याने नको म्हटलं की माहिती नाकारा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं असतं, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. ते ५ जूनला दिलं. सुनावणी जुलैत झाली, जेमतेम दहा मिनिटं. मी फक्त एवढंच म्हटलं, की मंजूर नकाशा महापालिकेनेच मंजूर केलेला आहे आणि माझी तक्रार महापालिकेच्या कामाबद्दल आहे. अपिलीय अधिकाऱ्यांनी नस्तीची, म्हणजे फाईलची, पाहणी करू द्या आणि प्रती विनामूल्य द्या असा आदेश दिला. मुदतीत माहिती दिली नाही तर ती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६) मध्ये आहे. ते मी अपिलातच लिहून ठेवलं होतं.

फाईल पाहिली ती ऑगस्टमध्ये. ही पाहणी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. प्रती मागवल्या तर त्यांना वाटतील ते कागद हातात येतात. समोर बसून फाईल उलटली की क्रम कळतो. मंजूर नकाशात ती पट्टी स्वच्छ मोकळी दाखवलेली होती. माझ्या अर्जानंतर अभियंत्यांनी स्थळपाहणी केली होती, पंचनामा केला होता, आणि २ मार्चला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या, म्हणजे एमआरटीपीच्या, कलम ५३ खाली नोटीस बजावली होती. मला यातलं कुणीही सांगितलं नव्हतं. नोटीस मिळाल्यावर मालकाने बांधकाम नियमित करण्याचा अर्ज केला. अशा अर्जाचा निर्णय होईपर्यंत नोटीस थांबते. १९ जूनला तो अर्ज फेटाळला गेला होता. त्यानंतर अभियंत्यांनी ‘निष्कासनाची कार्यवाही प्रस्तावित’ (म्हणजे बांधकाम पाडावं) अशी टिपणी लिहून फाईल वरिष्ठांकडे, म्हणजे अनधिकृत बांधकामांवर कारवाईची जबाबदारी असलेल्या पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे पाठवली होती.

त्यापुढची पानं कोरी होती.

मी इतके दिवस ज्यांच्यावर चिडत होते त्या कनिष्ठ अभियंत्यांनी त्यांचं काम केलं होतं. फाईल अडली होती एक पायरी वर. मला तिथेच उमगलं, की हॉटेलबद्दल आता मला काहीच सिद्ध करायचं नाही. ते बेकायदा आहे हे महापालिकेनेच लिहून ठेवलंय. यापुढच्या माझ्या प्रत्येक पत्राचा विषय बदलला. ‘अनधिकृत बांधकामाबाबत तक्रार’ ऐवजी मी लिहू लागले: ‘दि. १९ जून २०२३ रोजी अर्ज फेटाळल्यानंतर निष्कासन न केल्याबाबत’. पहिल्या विषयावर ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर देता येतं. दुसऱ्या विषयावर तारीख द्यावी लागते.

पुढचा टप्पा लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकण्याचा दिवस. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, आणि अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. मी २० ऑक्टोबरला दिला, ६ नोव्हेंबरला आयुक्तांसमोर उभी राहिले. प्रश्न सोसायटीचा असला तरी तिथे वैयक्तिक गाऱ्हाणंच घेतात, म्हणून अर्जात माझ्या घराचा जिना आणि आजारी सासूबाई हेच लिहिलं होतं. बोलताना हात थरथरत होते. आयुक्तांनी विचारलं, तर अधिकाऱ्यांकडून उत्तर मिळालं, “सर, कोर्टाचा स्टे आहे.” विषय तिथेच संपला.

बाहेर आल्यावर रडू आलं. घरी येऊन ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेतला. हे कुणालाही फुकट करता येतं. दावा खरंच होता, सप्टेंबरमध्ये दाखल झालेला. पण ऑक्टोबरच्या आदेशात अंतरिम मनाईची मागणी नामंजूर झाली होती. म्हणजे दावा होता, स्टे नव्हता. आदेशाची प्रत जोडून दोन ओळींचं पत्र दिलं: स्थगिती आदेशाचा क्रमांक आणि दिनांक कळवावा. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही, पण स्टेचं कारण पुन्हा कुणी सांगितलं नाही. ‘स्टे आहे’ असं ऐकलंत की दाव्याचा क्रमांक मागा, एवढं लक्षात ठेवा.

मग दुसरं कारण आलं: पोलीस बंदोबस्त मिळत नाही. हे लेखी आलं, ते बरं झालं. मी पोलीस विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज केला, की या पत्त्यावरील निष्कासनासाठी महापालिकेने बंदोबस्त मागितल्याची पत्रं आणि त्यावरची उत्तरं द्यावीत. उत्तर एका ओळीचं होतं: अशा आशयाचं पत्र या कार्यालयास प्राप्त नाही.

याच सुमारास अग्निशमन विभागाला वेगळं पत्र दिलं होतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अशा इमारतींना दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र सादर करावं लागतं. हॉटेलने ते दिलं आहे का, आणि मागच्या बाजूला गाडी जाते का, एवढेच प्रश्न. त्यांचे अधिकारी येऊन टेप लावून मोजून गेले. ‘अग्निशमन वाहनास मार्ग उपलब्ध नाही’ असा त्यांचा अहवाल आला, आणि माझ्या अख्ख्या फाईलमधला तो सगळ्यात वजनदार कागद ठरला. एक खातं ढिम्म असेल तर त्याच जागेशी संबंध असलेल्या दुसऱ्या खात्याचा कागद मिळवा.

२०२४ उजाडलं आणि कारणांना कॅलेंडरच मिळालं. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, कर्मचारी निवडणुकीच्या कामात. जूनमध्ये ती संपली, तर पावसाळ्यात पाडकाम करत नाहीत. तो दिलासा माणसं राहत असलेल्या घरांसाठी असतो, हॉटेलच्या भटारखान्यासाठी नाही. पण खिडकीवरच्या माणसाशी यावर किती वाद घालणार.

मधल्या काळात एक फोन आला. अनोळखी नंबर, आवाज अगदी शांत. “ताई, तुमची मुलगी संध्याकाळी क्लासला जाते ना, एकटीच असते.” एवढंच. मी पोलीस ठाण्यात जाऊन अदखलपात्र नोंद करून घेतली आणि मुलीला काही महिने नेणं-आणणं सुरू केलं. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींची १३ जानेवारी २०१० ला हत्या झाली, हे मी विसरले नव्हते. बेकायदा जमीन व्यवहारांची माहिती मागणारा माणूस सकाळी फिरायला गेला असताना मारला गेला. त्यामुळे भीती वाटली तर ती दाबू नका. त्या फोननंतर सोसायटीतल्या दोन घरांनी पाठिंब्याची सही मागे घेतली, आणि मला त्यांचा राग आला नाही. पण आमचे सेक्रेटरी काका म्हणाले, “ताई, आता तुमच्या एकटीच्या नावाने एकही कागद जाणार नाही.” तिथून पुढे प्रत्येक पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर, सहा-सात सह्यांनी गेलं, आणि सगळ्या कागदांची एक प्रत माझ्या भावाकडे गावी राहिली. एकटीने उभं राहायचं नाही, हे मी काकांकडून शिकले.

वकिलांकडे गेले ती या टप्प्यावर. एमआरटीपीत कलम ५६अ आहे, हे त्यांनी दाखवलं: अनधिकृत बांधकामावर पुरेशा कारणाशिवाय हेतुपुरस्सर कारवाई न करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड. वाचून मी खुर्चीत ताठ बसले. मग त्यांनी कलम १४२ दाखवलं. या कायद्याखाली खटला भरायचा तर आधी नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि आमच्या शहराचं नियोजन प्राधिकरण म्हणजे महापालिकाच. ज्यांच्याविरुद्ध खटला, त्यांच्याच दाराशी परवानगी. इतकं कठोर कलम करून त्याची किल्ली त्याच घरात ठेवणाऱ्या कायद्यात दुरुस्ती व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली परमादेश (अधिकाऱ्यांनी आपलं कर्तव्य करावं असा आदेश) मागता येतो, तो मार्ग उघडा होताच, पण त्याचा खर्च आमच्या सोसायटीला झेपणारा नव्हता.

वकिलांनीच लोकायुक्त, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारं पद, सुचवलं. लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. कायदा १९७१ चा आहे. त्यात ‘गाऱ्हाणं’ आणि ‘आरोप’ असे दोन प्रकार आहेत. अधिकाऱ्याने पैसे खाल्ले, असं म्हणायचं तर तो आरोप, आणि माझ्याकडे त्याचा काही पुरावा नव्हता. कारभारातल्या दिरंगाईमुळे आपल्यावर अन्याय झाला, तर ते गाऱ्हाणं. ते कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यायचं असतं. मी फाईल ऑगस्ट २०२३ मध्ये पाहिली होती, म्हणून जुलै २०२४ मध्ये घाईने तक्रार तयार केली. प्रतिज्ञापत्रासाठी नोटरीचे २०० रुपये गेले. तक्रार पाच पानांचीच ठेवली; पहिल्या पानावर तारीखवार तक्ता, डावीकडे तारीख, मध्ये काय झालं, उजवीकडे जोडपत्राचा क्रमांक. विशेषणं सगळी काढून टाकली. ‘भ्रष्ट’, ‘संगनमत’, ‘हेतुपुरस्सर’ असे शब्द पहिल्या मसुद्यात होते. वकिलांनी एकेक खोडला. जे कागदावर दाखवता येत नाही ते लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. मुंबईला मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात जाऊन स्वतः दिली आणि पोच घेतली. पोस्टानेही चालतं.

लोकायुक्तांनी महापालिकेकडून अहवाल मागवला, आणि तो यायला मोठा काळ गेला. ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली. त्याच महिन्यात सासूबाई गेल्या. जिन्याच्या भिंतीपलीकडे तेव्हाही शेगड्या चालू होत्या. घरातले म्हणाले, आता सोडून दे. त्यानंतर काही आठवडे मी फाईल उघडलीच नाही.

डिसेंबरमध्ये वकिलांचा निरोप आला. १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात निकाल दिला होता. बांधकाम जुनं आहे, त्यात पैसा गुंतला आहे, प्रशासनाने वेळेत कारवाई केली नाही, ही कारणं बेकायदा बांधकामाची ढाल होऊ शकत नाहीत, आणि चुकार अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई करावी, असं त्यात स्पष्ट होतं. अनधिकृत इमारतीत व्यवसायाचा परवाना देऊ नये, हेही होतं. हा निकाल जोडून जानेवारी २०२५ मध्ये आयुक्तांना आणि पदनिर्देशित अधिकाऱ्यांना नावानिशी कायदेशीर नोटीस पाठवली. ५,००० रुपये फी. संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात मोठा खर्च. बाकी स्टॅम्प, झेरॉक्स, रजिस्टर पोस्ट, मुंबईचं भाडं सगळं धरून तेवढ्यातच झालं.

फेब्रुवारीत लोकायुक्तांपुढे सुनावणी झाली, व्हिडिओ कॉन्फरन्सवर. महापालिकेचा अहवाल मला आदल्या आठवड्यात मिळाला होता, त्यात पुन्हा ‘कार्यवाही सुरू आहे’. मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी फक्त तक्ता वाचला. १९ जून २०२३ ला अर्ज फेटाळल्यानंतर, अभियंत्यांची टिपणी सोडली तर, फाईलवर एकही टिपणी नाही. स्टे नाही. बंदोबस्त मागितलेला नाही. अग्निशमनचा अहवाल असा आहे. महापालिकेच्या वतीने हजर असलेल्या अधिकाऱ्यांना विचारण्यात आलं, की १९ जूननंतर पहिली कृती कोणत्या तारखेला झाली? ते कागद चाळत राहिले. निष्कासनाचा दिनांक आणि विलंबाला जबाबदार कोण, याचा अहवाल द्या असं सांगून सुनावणी तहकूब झाली. लोकायुक्त शिक्षा देत नाहीत, शिफारस करतात, हे अनेकांना कमी वाटतं. पण ज्या कार्यालयाला कुणी तारीख विचारत नाही, त्याला वरून तारीख विचारली जाणं केवढं असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

महापालिकेने मार्चमध्ये नव्याने नोटीस दिली. १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे पाडकामाआधी पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते. काही शेजारी वैतागले, मला ते योग्य वाटलं. कायदा पाळा म्हणून मीच दोन वर्षं मागे लागले होते. तो हॉटेलवाल्यांच्या बाबतीतही पाळला जायला हवा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बंदोबस्तात पत्रे आणि भिंती काढल्या. मी गॅलरीत उभी होते, आनंद असा झाला नाही. भटारखान्यातली पोरं बाहेर कट्ट्यावर बसली होती; त्यांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे. दोन वर्षं आधी, नोटिशीनंतर लगेच हे झालं असतं, तर ती तिथे कामाला लागलीही नसती.

ऑगस्टच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. चौकशी सुरू झाली ती फक्त कनिष्ठ अभियंत्यांची. ज्यांच्याकडे फाईल पडून होती त्या पदनिर्देशित अधिकाऱ्यांची मधल्या काळात दुसऱ्या प्रभागात बदली झाली आहे, आणि त्यांचं नाव पत्रात नाही. ज्या माणसाने पंचनामा केला, टिपणी लिहिली, त्याच्याच माथी सगळं मारायचं, याला मी जबाबदारी निश्चित करणं म्हणत नाही. त्या टिपणीची प्रत माझ्याकडे आहे. ती जोडून लोकायुक्तांना आणि आयुक्तांना सोसायटीच्या सह्यांचं पत्र दिलं आहे, की फाईल कोणत्या तारखेपासून कोणाकडे होती ते चौकशी अधिकाऱ्यांनी नोंदवावं आणि माझी साक्ष घ्यावी. अभियंत्यांनाही ती प्रत पाठवली. त्यांच्या बचावाला लागेल. त्यांचा फोन आला, बराच वेळ नुसतं “हो मॅडम, हो मॅडम” करत होते.

पत्राची पोच आणि आवक क्रमांक घेतला आहे. उत्तर आलं नाही, तर पुन्हा १० रुपयांचा स्टॅम्प लावून त्या पत्राचा प्रवास विचारेन. तक्त्याचा नमुना आणि माहिती अधिकाराच्या अर्जाचा मजकूर ज्यांना हवा असेल त्यांनी मागावा, पाठवते.